हौसा कासारीण दचकली तेव्हा

गोंदणखोऱ्यात तेव्हा घड्याळ नव्हतं. एक कोंबडा होता, आणि तो सांगेल ती वेळ. माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसून भांडायची आणि भांडून भूक लागली की तिथंच जेवायची. त्या दिवसांत या गावात हौसा नावाची कासारीण सून होऊन आली, आणि ती आली त्याच दुपारी गावाला कळलं, की ही पोरगी जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना दचकते.

वरात वेशीत शिरली, हलगीवाल्यानं पहिली थाप दिली, आणि नवरी बैलगाडीतून उडून थेट पुढच्या गाडीत, सासऱ्याच्या मांडीवर जाऊन पडली, असं म्हणतात. फोडणीत मोहरी तडतडली की ती दचके. मांजर शिंकलं की दचके. भिंतीला वळसा घालताना स्वतःची सावली आडवी आली तरी दचके. आणि कासाराची सून, तेव्हा कोपरापर्यंत बांगड्या. ती दचकली की छन्नकन असा आवाज उठायचा, की पिंपळावरच्या साळुंक्या भुर्रकन उडून शेजारच्या गावी जायच्या. तिथली माणसं म्हणायची, "आल्या बघा साळुंक्या. दचकली वाटतं गोंदणखोऱ्याची हौसा."

बायका पाणवठ्यावर तिची थट्टा करायच्या. "काय गं हौसा, आज पाल पडली का नुसतं पान?"

"पानच होतं," ती बिचारी खरं सांगायची, "पर पालीसारखं पडलं."

तिची सासू गोजराबाई मात्र हसली नाही. तिनं सुनेला समोर बसवलं, रिठ्याचा फेस केला आणि धंदा शिकवायला घेतला. अंगठा तळव्यात दाबायचा, बोटांची मोळी करायची, कातडी मागं सारत सारत बांगडी पुढं न्यायची. फोडायची नाही, टोचवायची नाही.

"कासारणीचं काम बांगडी इकायचं न्हाई," गोजराबाई म्हणायची. "हात वळखायचं. तान्ह्या पोरीचा हात लोण्यावानी. लगीन ठरलेल्या पोरीचा हात घामेजलेला. पोटुशीचा सुजरा. चाळिशी-पन्नाशीच्या बाईचा हात बघ, आता तापतोय, आता निवतोय, भर थंडीत पदरानं वारा घेती आन् सुनंवर करवादती. तिला वाटतं आपल्याला येड लागलं. तिला सांगायचं, बाई, न्हाई लागलं, वय कूस बदलतंय. आन् दुखणंबी तसंच. तेच दुखणं, पर माणसाचं वय बघून येगळं लुगडं नेसून येतं. ल्हान पोराला झालं तर ते हातपाय आपटतं. तरण्याला झालं तर अंगावर भाकर भाजावी असा ताप."

"आन् म्हाताऱ्याला, आत्याबाई?"

गोजराबाई थांबली. फेसाचा बुडबुडा फुटेपर्यंत विचार केला, आणि म्हणाली, "ते मला ठावं न्हाई गं. नवरा गेला की बाईचा हात आपल्याकडं येत न्हाई. आन् बाप्याचा तर कधीच येत न्हाई. म्हाताऱ्यांचं हात कुणी धरतंय का?"

हौसा दचकली. या वेळी ना पाल होती, ना पान.

आता गावाच्या वेशीपाशी तालीम होती, आणि तालमीचे वस्ताद होते सर्जेराव. वय ऐंशीच्या पुढं, मिशा अजून पिळदार. तरुणपणी त्यांनी चिखलात रुतलेली गाडी बैलांसकट उचलून रस्त्यावर ठेवली होती, आणि ते बैल ओशाळून आठवडाभर वैरणीला तोंड लावेनात, असं म्हणतात.

हौसा दर बाजाराच्या दिवशी तालुक्याहून बांगड्यांची पाटी डोईवर घेऊन यायची. भरलेली पाटी एकटीला उतरवता येत नाही, काच आहे. म्हणून ती तालमीपाशी थांबायची, आणि वस्ताद कट्ट्यावरून उठून यायचे.

"पोरी, दचकू नगंस, मी हाय," असं म्हणून ते हात लावायचे, आणि हौसा हमखास दचकायची.

पठ्ठे खो-खो हसायचे. वस्ताद त्यांच्यावरच खेकसायचे. "हसताय काय रं? एवढं सावध ऱ्हावा आखाड्यात, मग बघू कुणाची पाठ मातीला लागती!"

पाटी उतरवताना त्यांचा हात तिच्या हाताला लागायचा. गावातला हा एकच म्हातारा हात तिच्या ओळखीचा. उखळासारखा खरबरीत, लाल मातीनं ओलसर, उबदार. अलीकडे बोटांत बारीक थरथर आली होती. हौसाला ती ठाऊक होती. वेलीवरचा दोडका वाढताना कुणाला दिसत नाही, तशी ती आली होती. तिला भ्यायचं कारण नव्हतं.

आणि मग जत्रा महिनाभरावर आली असताना एके दिवशी हौसा पाटी घेऊन तालमीपाशी थांबली, तर कट्टा रिकामा. पठ्ठे भिंतीला टेकून बसलेले, आखाड्याची माती कोरडी.

"वस्ताद कुठं हाईत?"

एक पठ्ठा उठला, पाटी उतरवून कट्ट्यावर ठेवली आणि मान खाली घालून म्हणाला, "वैनी, वस्तादांस्नी खाली घेतलंय."

खाली घेतलं म्हणजे काय, हे त्या काळी पोरंटोरंही जाणत. माणूस आता जाणार असं ठरलं, की त्याला खाटेवरून उतरवून जमिनीवर घोंगडीवर निजवायचं, तोंडात तुळशीचं पान ठेवायचं आणि भजन लावायचं. मग त्याला उठवत नाहीत, खाऊ-पिऊ घालायचा आग्रह करत नाहीत. जाणाऱ्याची वाट अडवू नये म्हणून.

हौसाला मेलेल्या चिमणीचीही भीती वाटायची. शिवाय मरणाच्या घरी कासारणीनं पाऊल टाकायचं नसतं, बांगडीला ते रुचत नाही, ही गोजराबाईची शिकवण. ती घराकडं वळलीसुद्धा. पण 'दचकू नगंस, मी हाय' म्हणणारा माणूस निघालाय आणि आपण पाठ फिरवून जातोय, हे तिच्यानं होईना. लांबून पाया पडू आणि येऊ, असं मनाशी म्हणत ती वस्तादांच्या दारात शिरली.

आत टाळ वाजत होते. वस्तादांची सून सुंदरा डोळ्यांना पदर लावून बसली होती.

"चार दिवस झालं गं," ती हौसाच्या कानाशी लागली, "मामंजींनी मला त्यांच्या मेलेल्या भैनीच्या नावानं हाक मारली. दुसऱ्या दिशी बैलाचा कासरा डोक्याला गुंडाळून 'माझा फेटा कसा दिसतो' म्हनून इचारलं. मग अन्न टाकलं. मग बोलनं. कपाळ बघितलं तर गार. पूर्वी आजारी पडायचं तवा घर तापायचं यांच्या तापानं. आता ताप न्हाई, खोकला न्हाई, दुखतंय म्हनत न्हाईत. मग ह्ये वयच की. वयावर औशिद न्हाई."

हौसा पायाशी वाकली. आणि कसं झालं कुणास ठाऊक, तिचा हात पायाला लागायच्या ऐवजी घोंगडीबाहेर पडलेल्या हाताला लागला. सवयीनं तिची बोटं वळली. सवयीनंच तिनं मनगटावरची कातडी मागं सारली.

कातडी तिथंच उभी राहिली. चुलीपाशी विसरलेल्या भाकरीसारखी कोरडी. म्हाताऱ्या कातडीला सैलपणा असतो, ते हौसाला ठाऊक होतं. पण हाच हात गेल्या बाजाराला ओलसर होता.

हौसा अशी दचकली, अशी दचकली, की तिच्या बांगड्यांच्या आवाजानं टाळ थांबले, मृदंगाची शाई तडकली आणि देवळाच्या शिखरावरचा कळस अर्धा फेरा फिरला, असं म्हणतात. तो कळस आजही जरा तिरपाच आहे.

वस्तादांचा मुलगा हिंदुराव भडकला. "ए बाई! ह्ये काय दचकायचं ठिकान हाय?"

"दादा," हौसा वस्तादांचं मनगट न सोडता म्हणाली, "आठ दिसांमागं ह्यो हात माझी पाटी उतरवत होता. म्हातारपण असं वावटळीवानी येतंय व्हय? माझ्या आत्याबाईंच्या बोटाच्या गाठी यायला उभा जन्म गेला. चार दिसांत येतंय ते वय न्हाई. ते दुसरंच कायतरी हाय. वैद्यांस्नी बोलवा."

भजनातला एक जण हसला. "काल ही पापडाला दचकली हुती. हिचं ऐकून मानसाची वाट अडवायची?"

"मी भित्रीच हाय," हौसा म्हणाली. "म्हनूनच सांगतीया. माझं चुकलं तर जल्मभर हसा. तुमचं चुकलं तर हसायला कोन ऱ्हाईल?"

पण वैद्यांकडं जायला कुणी उठलं नाही. बापाला शेवटी शेवटी हालहाल नकोत, असं हिंदुरावाच्या मनात. त्याचं तरी काय चुकलं? त्याला जेवढं दिसत होतं, तेवढ्यावर तो माया करत होता. तो उठेना, म्हणून भजनातलेही उठेनात. वैद्य नरसोपंत टेकडीपलीकडच्या वाडीत राहायचे. वाटेत ओढ्यावरचा डुगडुगणारा साकव, मसणवट आणि देवाला सोडलेला मारकुटा वळू.

हौसानं पदर खोचला आणि ती पळत सुटली.

त्या पळण्याच्या गोष्टी गावात घरोघरी वेगळ्या आहेत. कुणी म्हणतं, साकवाच्या फळ्या तिला बघून आपणहून घट्ट झाल्या. कुणी म्हणतं, मसणवटीपाशी तिनं डोळे मिटले आणि वाटेनंच तिला उचलून पलीकडं ठेवलं. वळूबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. तो शिंगं रोखून समोर आला, तशी हौसा इतक्या जोरानं दचकली, की वळूच दचकला, आणि बायकोनं पकडलेल्या दारुड्या नवऱ्यासारखा मुकाट बाजूला झाला. एवढी पडली, धडपडली, पण हातातली एक बांगडी पिचली नाही, वाढली नाही, असं म्हणतात.

नरसोपंत पानावर बसले होते. हौसा धापा टाकत दारात उभी राहिली. तिनं आपल्याच मनगटाची कातडी चिमटीत धरून दाखवली. "अशी... अशीच ऱ्हाईली हुबी! वस्तादांची! खाली घेतलंय!"

वैद्यबुवा आंचवले आणि तट्टावर बसले. वाटेत हौसानं होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. नरसोपंत स्वतःही सत्तरी ओलांडलेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "मुली, तरुण शरीर म्हणजे पेटती चूल. लाकूड घातलं की ज्वाळा दिसते. म्हातारं शरीर म्हणजे राखेखालचा निखारा. ज्वाळा नाही, धग नाही. मग आग लागलीय हे कळायचं कसं? तर धूर डोक्यात जातो. माणूस बरळायला लागतो, गप्प होतो, पडतो, जेवण सोडतो. मी जाणतो हे, पण मला बोलावतं कोण? सगळे म्हणतात, वय झालं."

वैद्यांनी वस्तादांची नाडी धरली, जीभ पाहिली, पोटावर हात दाबला. मग सुंदराला विचारलं, "हे रात्री लघवीला सारखे उठत होते का?"

सुंदरा चपापली. "व्हय की! मला वाटलं, म्हातारपनी असतंच."

"जळजळत होतं त्यांना. सुनेला सांगायची लाज वाटली आणि मुलाला सांगायचा अभिमान आडवा आला. उठावं लागू नये म्हणून पाणी प्यायचे थांबले. या वयात तहानही बेतानंच लागते. काढ ते तुळशीचं पान तोंडातून, आणि पेज कर पातळ."

मग चमच्यानं पेज, चमच्यानं पाणी, गोखरूचा काढा आणि वैद्यांच्या पुड्या. भजनी मंडळ हलेना, कारण आता काय होतंय ते बघायचं होतं. सुंदरा एका बाजूला, हौसा दुसऱ्या बाजूला. हौसा मनगट धरून बसली होती. मधूनमधून कातडी सारून बघायची आणि पुन्हा पाणी पाजायची. तिसऱ्या दिवशी सकाळी सरलेली कातडी हळूच माघारी आली. हौसा रडली आणि हसली, दोन्ही एकदमच.

वस्तादांनी डोळे उघडले. आजूबाजूला बुक्का, टाळ, मृदंग, रडके चेहरे.

"सुंदे," ते खरखरीत आवाजात म्हणाले, "कोन गेलं गं?"

घरात असं हसू फुटलं, की कौलं खाली घरंगळली. हिंदुराव बापाच्या पायावर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके देत होता, आणि वस्ताद त्याला म्हणत होते, "आरं, फेटा कुठाय माझा? ह्यो कासरा कुनी ठेवला उशाला?"

त्या दिवसापासून हौसाच्या दारात माणसं यायला लागली. कुणी आजोबांना आणलं, कुणी आज्जीला. "वैनी, जरा हात धरून बघ, दचकतीस का." ती दचकली, की नरसोपंतांच्या तट्टाला निरोप.

एकदा चंद्राकाकू आली. चंद्राकाकूचं अंग सोमवारी गुडघ्यात दुखायचं, मंगळवारी पाठीत, बुधवारी पोटात. घरचे कंटाळले होते. तिची नात म्हणाली, "आज्जीचं दुखणं बाजार करत फिरतंय." हौसानं हात धरला. गाठी होत्या, त्या जुन्या. थंडावा होता, तोही जुना. दचकण्यासारखं काही सापडेना, म्हणून हौसा हात धरूनच बसली. सोडायला कुणी सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं चंद्राकाकू म्हणाली, "ह्यो हात धरायचं कुनाला काम पडलं न्हवतं गं, त्ये गेल्यापास्नं." आणि मग पाऊसपाणी, नवरा, मेलेली गाय, परगावी दिलेली लेक, असं काय काय सांगत राहिली. हौसाला उमजलं. तरण्या सुंदराला दुःख झालं तर ती रडते, ताट सरकवते, माहेरी जाते. काकूच्या वयात दुःखाला डोळ्यांची वाट सापडत नाही, ते गुडघ्यात जाऊन बसतं. तिनं काकूला म्हटलं, "काकू, उद्यापास्नं माझ्याकडं या. बांगड्यांचं रंग लावून द्या, माझं सारखं चुकतंय." काकू आली. गुडघे दुखायचे ते दुखतच होते, पण बाजार करत फिरायचं दुखणं मुक्कामाला राहिलं. आणि काकूच्या अंगात एवढ्या चेष्टा होत्या, हे गावाला म्हातारपणी कळलं.

मग जत्रेचा दिवस आला. कुस्त्यांचा फड भरला, लाल मातीत नारळ फुटला. पंचक्रोशीतले मल्ल लांग कसून उभे. त्यांना वाटलेलं, वस्ताद येतील ते पालखीत निजून. वस्ताद आले ते सुंदराच्या खांद्यावर हात ठेवून, सावकाश, पण चालत. आखाड्याकडं न जाता थेट हौसाच्या पाटीसमोर जाऊन बसले आणि उजवा हात पुढं केला.

"भर," ते म्हणाले. "हिरवी."

हौसा दचकली, हे वेगळं सांगायला नको.

फडात हशा उसळला. परगावचा एक मल्ल ओरडला, "काय वस्ताद, आता हातात बांगड्या भरनार व्हय? भ्यालं का काय?"

"व्हय रं, भ्यालो!" वस्तादांचा आवाज अजून फडभर जात होता. "मी मरताना तुझ्यासारखी समदी शूर मानसं टाळ कुटत बसलेली. एक भित्री तेवढी वैद्याकडं पळाली. तिच्या नावानं भरतोय. हाय का कुनाची छाती भरायची?"

उखळासारखा हात आणि त्यात काचेची बांगडी! हौसानं रिठ्याचा फेस केला, तेल चोळलं, अंगठा दाबला, श्वास धरला. गावही श्वास धरून होतं. कोंबडासुद्धा आरवायचा थांबला, असं म्हणतात. बांगडी गाठीपाशी अडली, शेजारी बसलेली चंद्राकाकू म्हणाली, "रेट गं, मी धरलाय," आणि बांगडी सरकन मनगटात जाऊन बसली. वस्ताद उठले. आखाड्यात जाऊन त्यांनी मांडीवर असा शड्डू ठोकला, की डोंगरातून त्याचे पडसाद आले. बांगडी वाढली नाही. मघाचा मल्ल येऊन त्यांच्या पाया पडला, आणि मुकाट्यानं स्वतःचा हात हौसापुढं केला.

तेव्हा चंद्राकाकू पाटीपाशी उभी राहिली. काकू विधवा, आणि त्या काळची रीत कडक.

"बाप्या मानसानं भरली ती कंच्या नवऱ्याच्या नावानं?" तिनं कमरेवर हात ठेवून फडाला विचारलं. "मग मलाबी एक. लाल दे, हौसा. हिरवी वस्तादांनीच संपवली."

त्यानंतर वस्ताद बरीच वर्षं जगले, आणि गेले ते आपल्या वयानं, सावकाश, सगळ्यांना वेळ देऊन. हौसा म्हातारी झाली. शेवटपर्यंत ती मोहरीला दचकायची, पण म्हाताऱ्या माणसाचा हात हातात आला की तिची बोटं स्थिर व्हायची. ती गेली त्या दिवशी गावातली प्रत्येक बांगडी एकदा आपोआप किणकिणली, असं म्हणतात.

अजूनही गोंदणखोऱ्यात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसं पारावर बसतात. हौसाची पणती स्कूटीवरून येते. त्या दिवशी तरण्या बायकांना बांगड्या नाहीत. आधी आज्ज्या, नवरा असलेल्या-नसलेल्या सगळ्या, आणि मग आजोबा. हात धरायचा, आणि समोरचं माणूस बोलायचं थांबेपर्यंत सोडायचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे कार्यक्रम लांबतो. आजोबा लोक रंगावरून भांडतात. मागच्या साली एका निवृत्त हवालदारानं जांभळी मिळाली नाही म्हणून जेवण सोडलं होतं.

आणि गावात एखादं म्हातारं माणूस अचानक गप्प झालं, अडखळून पडलं किंवा सुनेला बहिणीच्या नावानं हाक मारू लागलं, तर 'वय झालं' असं इथं कुणी म्हणत नाही. घरचे दवाखान्यात फोन लावतात आणि एवढंच सांगतात, "डॉक्टर, आमच्याकडं हौसा दचकली."

नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा कळलंच नव्हतं. आता त्या हातातला चहा तसाच ठेवून गाडी काढतात.